जुना होम थिएटर रिसीव्हर आणि वेगळा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारी पेटी, दहा-पंधरा वर्षांचा झाला आहे. सिनेमा अजून छान वाजतो, पण गाणी ऐकताना मन भरत नाही. किंवा पुढचं एक चॅनल, म्हणजे एका स्पीकरची आवाजाची वाट, बसलं आहे. किंवा वडिलांच्या वेळचा स्टिरिओ अ‍ॅम्प माळ्यावरून खाली आला आहे आणि तो पुन्हा कामाला लावायचा आहे. कारण कुठलंही असो, दोन्ही पेट्या जोडायला बसलं की प्रश्न साधारण तेच पडतात. खालच्या उत्तरांत एकच मांडणी धरली आहे: पुढचे डावा आणि उजवा हे दोन स्पीकर बाहेरच्या स्टिरिओ अ‍ॅम्पवर, मधला, मागचे आणि सबवूफर रिसीव्हरकडेच.

वेगळा अ‍ॅम्प लावून खरंच फरक पडतो का?

पडतो, पण नेमका कुठे पडतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पैसे योग्य जागी जातील.

रिसीव्हरच्या खोक्यावरचे '१०० वॅट' बऱ्याचदा एकच चॅनल चालवून, ६ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध) भारावर, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर मोजलेले असतात. पाचही चॅनल एकदम वाजायला लागले की आतल्या एकाच ट्रान्सफॉर्मरला सगळ्यांना पुरवावं लागतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला बरंच कमी येतं. पुढचे दोन चॅनल बाहेर काढले की त्याच्यावरचा मोठा भार उतरतो आणि पेटी कमी तापते. जुन्या रिसीव्हरसाठी हा फायदा मोलाचा आहे, कारण आतले कपॅसिटर उष्णतेनेच लवकर वाळतात.

आवाजाच्या मोठेपणात मात्र चमत्कार होत नाही. वॅट दुप्पट केले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. साध्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ८७-८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) स्पीकर रोजच्या आवाजात सरासरी एक वॅटसुद्धा घेत नाहीत. म्हणजे स्पीकर ८ ओहमचे, सोपे आणि खोली लहान असेल, तर केवळ 'जास्त पॉवर' म्हणून अ‍ॅम्प घेऊ नका. स्पीकर ४ ओहमचे असतील, सेन्सिटिव्हिटी ८४-८५ च्या आसपास असेल किंवा हॉल मोठा असेल, तर फरक स्पष्ट ऐकू येतो.

माझ्या मते खरा लाभ वेगळाच आहे. सीडी प्लेअर किंवा टर्नटेबल सरळ स्टिरिओ अ‍ॅम्पला जोडला की गाणी ऐकताना रिसीव्हर चालू करायचीच गरज राहत नाही. सकाळी एक भावगीत ऐकायला टीव्ही, रिमोट, मेनू काही नको. दोन चॅनलसाठीच बांधलेला अ‍ॅम्प आणि स्पीकर, बस्स.

रिसीव्हरच्या मागे काय शोधायचं?

टॉर्च घेऊन मागच्या बाजूला जा आणि इंग्रजीत 'प्री आउट' असं छापलेली आरसीए (मधे पिन जाणारी गोल) सॉकेटं शोधा. त्यांत 'फ्रंट' लिहिलेली लाल-पांढरी जोडी असेल तर तुमचं काम निम्मं झालं. या सॉकेटांतून येणारा सिग्नल रिसीव्हरचं सगळं काम आटोपून आलेला असतो: डिकोडिंग (डिजिटल आवाज उलगडणं), बास कुठे पाठवायचा ते, रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं), आणि मुख्य म्हणजे व्हॉल्यूम. राहिलेलं असतं फक्त स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणं.

स्वस्त रिसीव्हरवर बहुधा फक्त सबवूफरचं एक प्री-आउट असतं. ते पुढच्या स्पीकरांसाठी उपयोगी नाही. मधल्या आणि वरच्या श्रेणीत पूर्ण संच मिळतो. यामाहाचा २०१० सालचा आरएक्स-व्ही६६७, ऑन्क्योचा २००७ चा टीएक्स-एसआर८०५, डेनॉनचा त्याच सुमाराचा एव्हीआर-३८०८ या सगळ्यांना सर्व चॅनलचे प्री-आउट आहेत. सेकंडहँड रिसीव्हर घ्यायचा विचार असेल तर विकणाऱ्याकडून पुढचा फोटो नको, मागचा मागा.

'झोन २', 'टेप आउट', 'रेक आउट', 'व्हीसीआर आउट' ही सॉकेटं दिसायला तशीच असतात, पण काम वेगळं करतात. त्यांच्याबद्दल पुढे येतंच.

प्री-आउट आहेत. आता जोडायचं कसं?

दोन्ही पेट्या बंद करा आणि टॉप (प्लग) सॉकेटमधून काढून ठेवा. रिसीव्हरच्या पुढच्या चॅनलांतून स्पीकरच्या वायरी सोडवा आणि त्या स्टिरिओ अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा, लालला लाल, काळ्याला काळी. वायरचा एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. अ‍ॅम्प जळण्याचं ते नेहमीचं कारण आहे. मग आरसीएची एक जोडी रिसीव्हरच्या 'फ्रंट' प्री-आउटमधून अ‍ॅम्पच्या इनपुटला. झालं.

रिसीव्हरची पुढची स्पीकर टर्मिनलं आता मोकळी राहतील. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला त्याने काहीही होत नाही. तुमचा बाहेरचा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर मात्र लक्षात ठेवा: व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

वायर फार महागडी नको. प्री-आउटचा सिग्नल १ ते २ व्होल्टच्या घरात असतो, त्यामुळे चांगल्या जाळीची, पक्क्या पिनांची साधी आरसीए वायर चार-पाच मीटरपर्यंत निर्धास्त चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हवी त्या लांबीची करून मिळते. पिन सॉकेटवर घट्ट बसते का, एवढं दुकानातच पाहून घ्या.

अ‍ॅम्पच्या कोणत्या इनपुटला लावायचं?

तीन शक्यता आहेत.

अ‍ॅम्प नुसता पॉवर अ‍ॅम्प असेल, म्हणजे त्याला व्हॉल्यूम आणि सिलेक्टर (इनपुट निवडायचं बटण) नसेल, तर प्रश्नच नाही. एकच इनपुट असतं.

इंटिग्रेटेड (व्हॉल्यूम आणि सिलेक्टर आतच असलेल्या) अ‍ॅम्पवर 'मेन इन', 'पॉवर इन' किंवा 'एचटी बायपास' असेल तर तेच वापरा. तिथे अ‍ॅम्पचा स्वतःचा व्हॉल्यूम मधे येत नाही. जुन्या पेट्यांवर 'प्री आउट' आणि 'मेन इन' ही सॉकेटं शेजारी शेजारी असतात आणि त्यांत इंग्रजी यू आकाराच्या धातूच्या दोन पट्ट्या खोचलेल्या दिसतात. १९७८ मध्ये आलेल्या नॅड ३०२० वर ही सोय होती, नंतरच्या सी ३२०बीईई वरही आहे. पट्ट्या काढायच्या आणि रिसीव्हरची वायर 'मेन इन'मध्ये लावायची. काढलेल्या पट्ट्या एका पुडीत घालून अ‍ॅम्पच्या टपावर चिकटवून ठेवा. त्या हरवल्या की अ‍ॅम्प एकटा वापरताना आवाजच येत नाही आणि माणूस तो बिघडला समजून दुरुस्तीला नेतो. एक अडचणही आहे: पट्ट्या काढल्यावर त्या अ‍ॅम्पला जोडलेला सीडी प्लेअर वाजणार नाही, कारण त्याचा पुढचा रस्ताच तुटला. गाण्यांसाठी अ‍ॅम्प स्वतंत्र वापरायचा असेल तर तिसरा मार्ग बरा.

तिसरा म्हणजे 'ऑक्स', 'सीडी', 'ट्यूनर', 'टेप' यांपैकी कुठलंही साधं इनपुट. विजेच्या दृष्टीने ही सगळी सारखीच. अपवाद एकच, 'फोनो'. ते टर्नटेबलच्या काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी असतं. त्यात सुमारे शंभर पट वाढ आणि आरआयएए नावाची सुरांची फेरफार होते. प्री-आउट तिथे जोडलात तर फाटलेला, बासने भरलेला, कानठळ्या बसवणारा आवाज येईल.

आता दोन व्हॉल्यूम झाले. कोणता कुठे ठेवायचा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

नियम असा: सिनेमा पाहताना आवाज फक्त रिसीव्हरने कमी-जास्त करायचा. अ‍ॅम्पचं बटण एका जागी ठरवायचं आणि तिथून हलवायचं नाही. ते हललं की पुढचे दोन स्पीकर वर-खाली होतात आणि मधला व मागचे आहेत तिथेच राहतात. संवाद आणि संगीत यांचा मेळ तुटतो.

ती एक जागा शोधायची कशी? अ‍ॅम्पचे बास आणि ट्रेबल मध्यावर आणा, बॅलन्स मध्यावर, 'लाउडनेस' बंद. 'डायरेक्ट' असं बटण असेल तर ते दाबा. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर. आता रिसीव्हरच्या स्पीकर सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या चॅनलांची पातळी शून्य डेसिबलवर आणा आणि टेस्ट टोन सुरू करा. पावसासारखा 'श्श्श' आवाज एकेका स्पीकरमधून फिरत जाईल. मधल्या स्पीकरचा आवाज कानात धरा आणि टोन पुढच्या डाव्या स्पीकरवर आला की अ‍ॅम्पचं बटण हळूहळू उघडा. दोन्ही सारखे वाटले की थांबा. मोबाईलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप इथे पुरेसं आहे, कारण आपल्याला खरा आकडा नको, नुसती तुलना हवी.

बटणावरची रेघ जिथे आली तिथे समोरच्या पट्टीवर एक छोटी टिकली चिकटवा. घरात कुणीही बटण फिरवलं तरी पुन्हा टिकलीवर आणायचं, एवढं सगळ्यांना सांगता येतं.

त्यानंतर रिसीव्हरचं स्वयंचलित कॅलिब्रेशन, म्हणजे डेनॉनवर ऑडिसी, यामाहावर वायपाओ, पायोनियरवर एमसीएसीसी, पुन्हा चालवा. मग पुढच्या चॅनलांची पातळी तपासा. अनेक रिसीव्हरना अधिक-उणे १२ डेसिबलची मुभा असते, काहींना १० ची. मोजणीनंतर पुढचे चॅनल उणे ११ किंवा १२ वर जाऊन टेकले असतील तर अ‍ॅम्प फार उघडा आहे. बटण थोडं कमी करा, टिकली सरकवा, पुन्हा मोजा. शून्याच्या आसपास दोन-चार डेसिबल इकडेतिकडे असेल तर उत्तम.

एक धोका मात्र रोजचा आहे. सिनेमा संपल्यावर अ‍ॅम्पचं बटण टिकलीवर, म्हणजे बऱ्यापैकी उघडं असतं. त्याच स्थितीत सिलेक्टर 'सीडी'वर फिरवला तर सीडी प्लेअरचा पूर्ण २ व्होल्टचा सिग्नल थेट आत जातो आणि स्पीकरचा ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जाऊ शकतो. सिलेक्टर फिरवण्याआधी व्हॉल्यूम खाली, ही सवय हाताला लावून घ्या.

माझ्या रिसीव्हरला प्री-आउट नाहीत. काही मार्ग आहे?

आहेत, पण प्रत्येकात काहीतरी सोडावं लागतं.

'टेप आउट' किंवा 'रेक आउट' असेल तर तिथून सिग्नल मिळतो, पण तो व्हॉल्यूमच्या आधीचा, ठरावीक पातळीचा असतो. म्हणजे रिसीव्हरचा व्हॉल्यूम फिरवून काही होणार नाही, अ‍ॅम्पचाच वापरावा लागेल. निव्वळ गाणी ऐकायला हे चालतं. पाच चॅनलचा सिनेमा असा चालवता येत नाही, कारण दोन व्हॉल्यूम हातात हात घालून फिरवत बसावं लागेल. शिवाय जुन्या रिसीव्हरमध्ये ऑप्टिकल, कोॲक्सियल किंवा एचडीएमआयने आलेला डिजिटल आवाज या सॉकेटांवर बहुधा येतच नाही. टीव्ही ऑप्टिकलने जोडला आहे, टेप आउट अ‍ॅम्पला लावलं आहे आणि सगळं शांत आहे, अशी स्थिती असेल तर वायर बदलत बसू नका; कारण हेच आहे.

'झोन २' (दुसऱ्या खोलीसाठीच्या) प्री-आउटची गोष्ट थोडी बरी. त्याला स्वतःचा व्हॉल्यूम असतो. पण जुन्या मॉडेलांत तेही फक्त अ‍ॅनालॉग इनपुट उचलतं, आणि रूम करेक्शन व बासची वाटणी त्याला लागू होत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घेऊन तो कमी करणारा कन्व्हर्टर. कार ऑडिओवाल्यांकडे 'हाय-लो कन्व्हर्टर' या नावाने मिळतो. रिसीव्हरच्या पुढच्या स्पीकर टर्मिनलवरून दोन-दोन वायरी त्यात, आणि त्यातून आरसीए अ‍ॅम्पला. व्हॉल्यूम, बासची वाटणी, रूम करेक्शन सगळं टिकतं, त्यामुळे सिनेमासाठी हाच मार्ग त्यातल्या त्यात योग्य. आवाजात रिसीव्हरच्या स्वतःच्या अ‍ॅम्पचा खरखरीतपणा असेल तर तोही पुढे येतो, हे मान्य करून चालावं. ट्रान्सफॉर्मर असलेला कन्व्हर्टर घ्या. तो दोन पेट्यांची जमीन, म्हणजे ग्राउंड, वेगळी ठेवतो.

कन्व्हर्टरशिवाय, स्पीकरची वायर सरळ आरसीएला जोडली तर?

अजिबात नको. ८ ओहमवर ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट होतात. अ‍ॅम्पच्या साध्या इनपुटला पूर्ण ताकदीसाठी अनेकदा पाव व्होल्टसुद्धा लागत नाही. कमी आवाजावर चाललं म्हणून ते चाललं असं होत नाही. एखाद्या दिवशी रिमोटचं बटण दाबलं जाईल आणि इनपुटचा भाग जाईल.

तसंच, रिसीव्हरची स्पीकर टर्मिनलं दुसऱ्या अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलना कधीही जोडू नका. एकाच जोडी स्पीकरना दोन्ही पेट्यांच्या वायरी एकदम लावणं म्हणजे हेच. 'दोन्ही एकदम चालू करणार नाही' हे पुरेसं नाही. बंद पेटीच्या आउटपुटमध्येही विजेची उलटी ढकल जाते. प्री-आउट नसताना स्पीकर आलटून पालटून वापरायचेच असतील तर स्पीकर सिलेक्टर स्विच घ्या, ज्यात लाल आणि काळी दोन्ही वायर तुटतात आणि एक अ‍ॅम्प पूर्ण सुटल्यावरच दुसरा जोडला जातो.

रिसीव्हर इतका जुना आहे की नव्या टीव्हीचा आवाजच त्यात येत नाही.

एचडीएमआयचं पहिलं रूप डिसेंबर २००२ मध्ये आलं. त्यानंतरच्या काही वर्षांतल्या काही रिसीव्हरवर एचडीएमआयची सॉकेटं आहेत, पण ती फक्त चित्राची अदलाबदल करतात, आवाज आत घेत नाहीत. टीव्हीचा आवाज त्याच वायरने उलटा आणणारी एआरसी सोय २००९ मध्ये, एचडीएमआय १.४ बरोबर आली. तुमचा रिसीव्हर त्याआधीचा असेल तर एआरसी नाही, आणि त्यासाठी रिसीव्हर टाकून द्यायची गरजही नाही.

चित्र सरळ टीव्हीला न्या. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून रिसीव्हरला एक ऑप्टिकल वायर आणा. नव्या वायरच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या काढायला विसरू नका. ऑप्टिकलमधून दोन चॅनलचा पीसीएम (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) किंवा ५.१ चं डॉल्बी डिजिटल व डीटीएस जातं. ओटीटीवरचा आवाज बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो, जो जुन्या रिसीव्हरला कळत नाही. म्हणून टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'डॉल्बी डिजिटल' करा; तरी आवाज नाही आला तर 'पीसीएम'. पीसीएमवर आवाज नक्की येतो, फक्त दोन चॅनलचा.

जोडल्यापासून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येतो. काय करू?

हा बहुतेक वेळा अर्थिंगचा फेरा असतो. दोन पेट्या दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडल्या जातात आणि त्या वाटांतून ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलच्या जाळीत शिरते. शोध क्रमाने घ्या.

व्हॉल्यूम कमी करून अ‍ॅम्पच्या मागची आरसीए काढा. गुणगुण राहिली तर दोष अ‍ॅम्पमध्येच आहे, बहुधा जुने फिल्टर कपॅसिटर. गेली तर फेऱ्याचा संशय पक्का. आरसीए परत लावा आणि केबल टीव्हीची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. घरोघरी हाच गुन्हेगार सापडतो, कारण केबलची जाळी इमारतीत कुठेतरी दुसरीकडेच जमिनीला टेकलेली असते. तसं असेल तर केबलच्या वायरवर छोटा आयसोलेटर बसवून मिळतो. डिशची वायर असेल तर मात्र हा आयसोलेटर लावू नका: त्या वायरमधून छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो, तो तुटला की चॅनलच जातील.

दोन्ही पेट्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. आरसीए वायरी विजेच्या वायरींपासून लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच गुरगुर येत असेल तर तो स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असण्याची शक्यता मोठी. तिथे अ‍ॅम्पचा दोष नाही. हे सगळं करून भागलं नाही तर आरसीएच्या मधे बसणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा शेवटचा उपाय. तो सगळ्यात शेवटी, कारण स्वस्तातले बास थोडा खातात.

एक गोष्ट कुणी कितीही सांगितली तरी करू नका: थ्री-पिन टॉपची जाड अर्थिंगची पिन तोडणं. गुणगुण थांबेल, पण अ‍ॅम्पच्या आत कधी काही सुटलं तर त्याचा पत्रा २३० व्होल्टवर येईल आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. जुन्या चाळीत किंवा वाड्यात तिसरं भोक नुसतंच असतं, मागे अर्थिंग नसते. आधी वायरमनकडून ते तपासून घ्या.

सबवूफरचं काय?

तो रिसीव्हरच्या सबवूफर प्री-आउटवर आहे तसाच राहू द्या. रिसीव्हरमध्ये पुढचे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा, स्पीकर आकाराने मोठे असले तरी. ८० च्या खालचा जड बास सबवूफरकडे गेला की तुमच्या स्टिरिओ अ‍ॅम्पचं काम हलकं होतं आणि तबल्याचा बायाँ, ढोलकी हे सगळं स्वच्छ वाजतं. 'प्युअर डायरेक्ट' मोडमध्ये बऱ्याच रिसीव्हरवर ही वाटणी बंद होते आणि सबवूफर गप्प बसतो; तो बिघाड नव्हे.

आधी कोणती पेटी चालू करायची?

आधी रिसीव्हर, मग अ‍ॅम्प. बंद करताना आधी अ‍ॅम्प, मग रिसीव्हर. नाहीतर रिसीव्हर उठताना-झोपताना होणारा 'धप्प' आवाज अ‍ॅम्प मोठा करून स्पीकरला देतो. दोन्हींवर १२ व्होल्ट ट्रिगर (एका पेटीने दुसरी चालू-बंद करायचं सॉकेट) असेल तर एका छोट्या वायरने हे आपोआप होतं. जुन्या रिसीव्हरच्या मागे विजेचं एक सॉकेट दिलेलं असतं. त्यावर लिहिलेली वॅटची मर्यादा लहान असते, मोठा अ‍ॅम्प त्याला जोडू नका.

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला रिसीव्हर आहे. सरळ लावू का?

मागचं लेबल वाचल्याशिवाय नको. न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून घरी आलेल्या पेट्या बहुधा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या असतात. २३० व्होल्टला लावल्या तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नसेल तर पॉवर सप्लाय. आशियासाठी बनवलेल्या काही मॉडेलांच्या मागे व्होल्टेज निवडायचा खटका असतो. अमेरिकी मॉडेलांत तो सहसा नसतो.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. लेबलवर ४०० वॅट असेल तर ट्रान्सफॉर्मर किमान ८०० चा घ्या, आणि तो आरसीए वायरी व टर्नटेबलपासून दूर ठेवा. स्टिरिओ अ‍ॅम्प मात्र भारतातला २३० व्होल्टचा असेल तर तो सरळ भिंतीच्या सॉकेटवर. त्याची वायर चुकून ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊ नये म्हणून टॉपवर चिठ्ठी लावा. रेडिओची आवड असेल तर हेही लक्षात घ्या: अमेरिकी ट्यूनर मीडियम वेव्हवर १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो, आपली स्टेशनं ९ च्या पायऱ्यांवर आहेत. आकाशवाणी त्यावर नीट लागत नाही.

ऑनलाइन मिळणारा तळहाताएवढा क्लास-डी अ‍ॅम्प चालेल का?

चालेल, आणि पैशाच्या मानाने फार चांगला चालेल. टीपीए३२५५ या चिपवरचे छोटे अ‍ॅम्प प्री-आउट असलेल्या जुन्या रिसीव्हरला शोभतात. फक्त जाहिरातीतले '३०० वॅट' विसरा. सोबतचा अ‍ॅडॅप्टर ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा असेल तर त्यातून एकूण १६० वॅटच आत जातात. दोन चॅनल मिळून त्याहून जास्त बाहेर येणं शक्य नाही. या अ‍ॅम्पच्या काळ्या स्पीकर टर्मिनलवरही सिग्नल असतो. म्हणून दोन्ही बाजूंची काळी टर्मिनलं एकमेकांना किंवा पत्र्याला जोडायची नाहीत.

गणपती मंडळाचा पीए अ‍ॅम्प पडून आहे, तो वापरू का?

आहुजासारखे पीए अ‍ॅम्प बोलण्याचा आवाज लांबवर पोचवायला बनवलेले असतात, बहुतेक मोनो असतात. एका अ‍ॅम्पने डावा-उजवा होणार नाही. तरीही लावायचाच झाला तर घरचा ८ ओहमचा स्पीकर फक्त ८ ओहमच्या टर्मिनलला. शेजारचं '१०० व्होल्ट' टर्मिनल भोंग्यांच्या लांब लाइनसाठी आहे. तिथे घरचा स्पीकर लावला तर त्याची कॉइल जळेल आणि अ‍ॅम्पही जाऊ शकतो. घरच्या संगीतासाठी माझा सल्ला नको असाच आहे.

रिसीव्हरचं पुढचं एक चॅनल गेलं आहे. बाहेरचा अ‍ॅम्प लावून काम भागेल?

कसं गेलं आहे त्यावर ते अवलंबून आहे. चालू करताच 'प्रोटेक्ट' दाखवून पेटी बंद होत असेल, तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी, आणि दुरुस्तीशिवाय प्री-आउटही मिळणार नाहीत.

पेटी चालू राहते पण एका बाजूचा आवाज बारीक, खरखरीत येतो आणि व्हॉल्यूम जोरात वाढवला की अचानक 'फट्'कन पूर्ण येतो, असं असेल तर दोष बहुधा स्पीकर रिलेच्या (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या खटक्याच्या) संपर्कांवर बसलेल्या काळपटपणाचा. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, हे नेहमीचं आहे. प्री-आउटचा सिग्नल रिलेच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या अ‍ॅम्पवर तेच चॅनल एकदम स्वच्छ वाजतं. अ‍ॅम्प विकत घेण्याआधी शेजाऱ्याचा किंवा मित्राचा आणून ही परीक्षा करा. प्री-आउटवरही तीच बाजू बारीक येत असेल तर दोष आणखी आत आहे.

रिलेच असेल तर तो बदलणं हे चांगल्या मेकॅनिकचं छोटं काम आहे. रिलेवरचा नंबर आणि कॉइलचं व्होल्टेज, बऱ्याचदा २४ व्होल्ट, जुळणारा नवा बसवायला सांगा. पॉलिश पेपरने घासून दिलेला जुना रिले पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच करतो.